माणसाच्या सीरममधील ब्रुसेला-प्रतिपिंडे ओळखणारा बायोसेन्सर कसा घडवावा

बायोसेन्सरच्या, म्हणजे जैविक पदार्थ ओळखून त्याचा संकेत देणाऱ्या उपकरणाच्या, कामाला लागणारा विद्यार्थी बहुधा इलेक्ट्रोड हातात घेऊनच सुरुवात करतो. शुद्ध प्रतिपिंड (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेले प्रथिन) बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, मिसळून त्यावर टाकले की विद्युतप्रवाहाचा आलेख देखणा येतो, शोधनिबंधाचा कच्चा मसुदाही तयार होतो, आणि मग खऱ्या माणसाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पहिल्यांदा टाकल्यावर रोग्याचा आणि निरोग्याचा आलेख एकावर एक येऊन बसतात. आमच्या प्रयोगशाळेत हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा वर्षभराचे काम मागे घ्यावे लागले. प्रतिपिंड सापडणे हे या कामातले अवघड अंग नाही. सीरममधील इतर काहीही त्याच्या जागी न सापडणे, हे अवघड आहे. म्हणून या लेखातील क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे: आधी नमुने, मग प्रतिजन (जंतूचा जो भाग प्रतिपिंड पकडते तो), आणि त्यानंतर इलेक्ट्रोड.

उदाहरण म्हणून ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे जनावरांकडून माणसाला होणारा रोग, घेतला आहे, कारण मराठवाड्यात या रोगाचा विचार गोठ्यापासूनच करावा लागतो. देवणी आणि लाल कंधारी गाई, उस्मानाबादी शेळ्या, गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी ओढून काढण्याची सवय आणि न तापवलेले दूध या सर्वांमुळे पशुपालक, पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक यांना जोखीम असते. ताप चढतो-उतरतो, सांधे दुखतात, रात्री घाम येतो. रुग्णाला बहुतेक वेळा टायफॉइडचे किंवा मलेरियाचे औषध मिळते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर या रोगाचा जंतू शोधला आणि १८९७ मध्ये आल्मरॉथ राइट यांनी रुग्णाच्या सीरमने जंतूंच्या गुठळ्या होतात हे दाखवून त्याची रक्तचाचणी बसवली. म्हणजे या रोगाची प्रतिपिंडे ओळखण्याची कला सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आजही ‘रोज बंगाल’ नावाच्या रंगद्रव्याची चाचणी काचेवर काही मिनिटांत, अगदी थोड्या खर्चात होते. आपला सेन्सर या चाचणीपेक्षा नेमके काय अधिक देणार, हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आयजीएम आणि आयजीजी हे प्रतिपिंडांचे दोन प्रकार वेगवेगळे मोजणे किंवा उपचारादरम्यान पातळी कशी उतरते हे आकड्यात सांगणे ही योग्य उत्तरे आहेत. ‘नॅनो आहे म्हणून’ हे उत्तर नाही.

परवानगी आणि नमुने

मानवी नमुन्याला हात लावण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हा त्याचा आधार आहे. संमतीपत्र मराठीत, आणि वाचून दाखवल्यावर समजेल अशा मराठीत असावे. ‘प्रतिपिंड’ हा शब्द गोठ्यात कोणाला कळत नाही; ‘पूर्वी या तापाची लागण होऊन गेली असेल तर तिची रक्तात राहिलेली खूण’ असे लिहिले की कळते. संशोधनातील सेन्सरच्या निकालावर उपचार होणार नाहीत, पण मान्यताप्राप्त चाचणी सकारात्मक आली तर डॉक्टरांकडे पाठवले जाईल, हेही त्यात स्पष्ट असावे.

प्रयोगशाळेच्या आवारात ब्रुसेला जंतू वाढवण्याचा विचारही करू नये. प्रयोगशाळेत श्वासावाटे लागण होण्याबद्दल हा जंतू कुप्रसिद्ध आहे आणि त्याच्या संवर्धनासाठी जैवसुरक्षा पातळी ३ लागते. आपल्याला जंतू नको आहे, जंतूविरुद्धची प्रतिपिंडे हवी आहेत.

नमुन्यांचा संच किमान चार गटांचा असावा. पहिला, रक्तसंवर्धनाने किंवा एकाहून अधिक मान्य चाचण्यांनी निश्चित झालेले रुग्ण. दुसरा, जनावरांशी संबंध नसलेले निरोगी शहरी लोक. तिसरा, जनावरांत राहणारे पण आजारी नसलेले लोक. चौथा, टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू आणि संधिवात यांचे रुग्ण. बहुतेक प्रकल्पांत तिसरा गट नसतो, आणि सेन्सर गावात गेल्यावर नेमका तिथेच पडतो. या गटात आणखी एक उपगट निराळा ठेवावा: राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची जिवंत लस दिली जाते, आणि ती देताना सुई स्वतःच्याच बोटात गेलेला लसटोचक भेटतोच. त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे खरी असतात. त्यांना सेन्सरची चूक समजू नये.

रक्त साध्या नळीत अर्धा तास गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० ते २००० जी बलावर १० मिनिटे फिरवून सीरम वेगळे करावे आणि लगेच १०० मायक्रोलिटरचे लहान वाटे करून उणे २० अंशांवर ठेवावे. एकच कुपी पुन्हापुन्हा वितळवून गोठवल्यास प्रतिपिंडांच्या गाठी होतात. येथे तीन सापळे सांगतो. लालसर, म्हणजे रक्तपेशी फुटलेले सीरम बाजूला काढावे, कारण हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेज या, आपण पुढे संकेतासाठी वापरणार असलेल्या, विकरासारखे वागते आणि पुढे खोटा संकेत देते. सीरम टिकावे म्हणून कोणी सोडियम अझाइड घातले असेल तर तोच पेरॉक्सिडेज विकर मारला जातो आणि खरा संकेतही नाहीसा होतो. आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज नमुन्यांसाठी घेऊ नये, कारण तो थोड्याथोड्या वेळाने आतले तापमान वर नेतो.

वीज हा येथील स्वतंत्र प्रश्न आहे. फ्रीझरमध्ये पाणी गोठवलेली एक वाटी ठेवावी आणि बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. सुटीनंतर परत आल्यावर नाणे बर्फात बुडालेले दिसले, तर मधल्या काळात लाइट जाऊन सगळे वितळले होते, हे कोणी न सांगता कळते. त्या दिवशी आतल्या प्रत्येक कुपीच्या नोंदीत एक वितळण वाढवावी.

प्रतिजनाची निवड

ब्रुसेलाच्या बाह्य आवरणातील गुळगुळीत लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करा यांचा जोडरेणू) हा सर्वात संवेदनशील प्रतिजन आहे. जुन्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. त्याचा दोष असा की येर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ:९ या जंतूचे आवरण त्याच्याशी मिळतेजुळते आहे, त्यामुळे त्या जंतूची लागण झालेला माणूसही सकारात्मक दिसतो. शिवाय कुत्र्यांतील ब्रुसेला कॅनिसचे आवरण खडबडीत प्रकारचे असल्याने त्याची प्रतिपिंडे या प्रतिजनावर सापडतच नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे बीपी२६ सारखे पुनःसंयोजित, म्हणजे ब्रुसेलाचे जनुक दुसऱ्या जंतूत घालून बनवलेले, प्रथिन. त्यात आवरणाच्या साम्याचा घोळ टळतो, पण संवेदनशीलता सहसा कमी पडते.

पुनःसंयोजित प्रथिन बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूत तयार करतात, आणि ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडे तुमच्या-आमच्या सर्वांच्या रक्तात असतात, कारण तो आपल्या आतड्यात राहतो. शुद्धीकरणात राहिलेली थोडीशी मूळ प्रथिनेसुद्धा निरोगी माणसाला रोगी दाखवायला पुरेशी होतात. यावर उपाय सोपा आहे: सीरम ज्या बफरमध्ये पातळ करतो त्यात प्रतिजनाचे जनुक नसलेल्या ई. कोलायचा अर्क मिसळावा, म्हणजे ती प्रतिपिंडे इलेक्ट्रोडवर पोहोचण्याआधीच अडकतात. नवख्याने सुरुवात प्रथिनापासूनच करावी, कारण ते पृष्ठभागावर बांधणे सोपे आहे. लिपोपॉलिसॅकराइड नंतर, तुलनेसाठी घ्यावे.

पृष्ठभाग बांधणे

छापील सोन्याचे इलेक्ट्रोड बाजारात मिळतात. एका पट्टीवर कार्यकारी, सहायक आणि संदर्भ असे तिन्ही इलेक्ट्रोड असतात. पट्टी आधी इथेनॉलने आणि मग अतिशुद्ध पाण्याने धुवावी, नंतर सौम्य गंधकाम्लात काही फेऱ्या व्होल्टामेट्री (विभव बदलत प्रवाह मोजणे) करून सोने स्वच्छ झाल्याची खूण आलेखात पाहावी. पिरान्हा द्रावण (संहत गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण) छापील पट्टीवर कधीही वापरू नये. शाई सुटते, आणि ते द्रावण माणसासाठीही घातक आहे.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड असते की काचेच्या ऊर्ध्वपातन यंत्राच्या नळ्यांवर महिन्याभरात पांढरा थर चढतो. शिवाय एक लिटर पाणी ऊर्ध्वपातित करताना थंड करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे यंत्र एप्रिलमध्ये चालू ठेवायला मन धजत नाही. थंडाव्याचे पाणी टाकीत परत फिरवण्याची सोय करावी, किंवा १८.२ मेगोह्म-सेंटिमीटर रोधकतेचे अतिशुद्ध पाणी जवळच्या विद्यापीठातून कॅनने आणावे. पिण्याच्या आरओचे पाणी मात्र या कामाला चालत नाही.

स्वच्छ सोन्यावर ११-मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल आणि ६-मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या सोन्याला चिकटणाऱ्या दोन रसायनांचे १ मिलिमोलर मिश्रण इथेनॉलमध्ये करून रात्रभर ठेवावे. पहिल्याचा वाटा एक आणि दुसऱ्याचा नऊ ठेवला की प्रतिजनाच्या रेणूंमध्ये अंतर राहते. प्रतिजन दाटीवाटीने बसवले तर जास्त संकेत मिळेल, हा समज चुकीचा आहे: आयजीजीचा रेणू सुमारे १० ते १५ नॅनोमीटरचा असतो आणि त्याला आत शिरायला जागा लागते.

यानंतर ईडीसी आणि एनएचएस या जोडणी करून देणाऱ्या रसायनांच्या ताज्या द्रावणाने पृष्ठभागावरील कार्बोक्सिल गट, म्हणजे प्रतिजन जिथे बांधायचे त्या जागा, १५ ते ३० मिनिटे सक्रिय करावेत. सामू ५ ते ६. ईडीसीला ओलावा सहन होत नाही. बाटली फ्रीझरमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, पावसाळ्यात तर हा नियम कधीच मोडू नये. सक्रिय झालेला गट पाण्याशी अभिक्रिया होऊन आपोआप निष्क्रिय होतो आणि सामू वाढला की फार लवकर होतो, त्यामुळे प्रतिजन आधीच मोजून तयार ठेवावे. प्रतिजनाच्या द्रावणात ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर त्यांचेच अमाइन गट जागा अडवून बसतात; पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारट बफर) किंवा अ‍ॅसिटेट बफरमध्ये बदलून घ्यावे. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रतिजन, एक तास, आणि उरलेले सक्रिय गट इथेनॉलअमाइनने बंद.

उन्हाळ्यात येथे हवा इतकी कोरडी असते की इलेक्ट्रोडवरील १० मायक्रोलिटरचा थेंब अर्ध्या तासाच्या आत कडेने सुकू लागतो. थेंब सुकला की मीठ आणि प्रथिन कडेला गोळा होते आणि दोन पट्ट्यांचे आकडे जुळत नाहीत. आम्ही कितीतरी दिवस दोष रसायनांना देत होतो. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यूपेपर पसरून पट्ट्या त्यात ठेवल्यावर फरक लगेच दिसला. कूलरचा झोत टेबलावर येणार नाही, इतकेही पाहावे.

रिकाम्या जागा भरणे, आणि दुधाचा प्रश्न

प्रतिजन बसल्यावर उरलेल्या पृष्ठभागावर सीरममधील कोणतेही प्रथिन चिकटू नये म्हणून तो एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने झाकतात. सर्वत्र यासाठी बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन, १ टक्का वापरले जाते. पण दूध पिणाऱ्या, गोठ्यात वाढलेल्या माणसाच्या रक्तात गाईच्या अल्ब्युमिनविरुद्धची आयजीजी असणे ही सामान्य गोष्ट आहे. म्हणजे ज्या लोकांसाठी सेन्सर बनवायचा, त्यांच्यासाठी बीएसएने झाकलेला पृष्ठभाग हाच एक प्रतिजन ठरतो. केसीन दुधाचेच, तेव्हा तोही पर्याय डोळे झाकून घेऊ नये. मासळीचे जिलेटिन आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे दोन पर्याय तिसऱ्या गटाच्या किमान २० सीरमवर बीएसएच्या शेजारी लावून पाहावेत आणि ज्यात निरोगी गोपालकांचे आकडे सर्वात खाली आणि एकमेकांजवळ येतील तो निवडावा. बीएसए ठेवायचेच असेल तर सीरम पातळ करण्याच्या बफरमध्येही ते भरपूर घालावे.

प्रत्येक पट्टीच्या शेजारी एक नियंत्रण पट्टी असलीच पाहिजे: सर्व टप्पे तेच, फक्त प्रतिजनाऐवजी असंबंधित प्रथिन. दोन्हींवर एकच सीरम टाकून फरक नोंदवावा. ज्या प्रयोगवहीत हा स्तंभ नाही तिच्यातील आकडे मी गंभीरपणे घेत नाही.

संकेत वाचणे

लेबल नसलेल्या, म्हणजे प्रतिपिंडाला विकरासारखी खूण न जोडता मोजणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ इम्पिडन्स (विद्युत अवरोध) किंवा फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, कागदावर फार मोहक वाटतात. सीरममध्ये प्रतिलिटर ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात, त्यात एकूण आयजीजीच ७ ते १६ ग्रॅम. आपल्याला हवे ते प्रतिपिंड त्याचा लहानसा अंश. इम्पिडन्सला काय चिकटले हे कळत नाही, काहीतरी चिकटले एवढेच कळते. ट्रान्झिस्टरची अडचण भौतिकशास्त्राची आहे: पीबीएसइतक्या खारट द्रावणात विद्युतप्रभाव पृष्ठभागापासून ०.८ नॅनोमीटरच्या आतच विरतो, आणि प्रतिपिंड त्याच्या दहापटीहून उंच असते. बफर दहापट पातळ केला तरी हे अंतर अडीच नॅनोमीटरच होते.

म्हणून पहिला सेन्सर विकरावर आधारित करावा. १९७१ पासून चालत आलेल्या एलायझाचीच (विकराने आणलेल्या रंगावरून प्रतिपिंड मोजणारी चाचणी) ही रीत, फक्त रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजायचा. सीरम १:१०० पातळ करून अर्धा तास ठेवावे, ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएसने धुवावे, पेरॉक्सिडेज जोडलेले मानवी-आयजीजीविरोधी दुय्यम प्रतिपिंड अर्धा तास द्यावे, पुन्हा धुवावे, आणि टीएमबी (विकर ज्याचे ऑक्सिडीकरण करते ते रसायन) व हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण टाकून ठराविक सेकंदांनी प्रवाह नोंदवावा. विभव शून्याच्या आसपास किंवा किंचित ऋण ठेवल्यास विकराने तयार केलेले ऑक्सिडीकृत टीएमबी इलेक्ट्रोडवर क्षपण पावते आणि तो प्रवाह विकराच्या प्रमाणात येतो. धुण्याच्या फेऱ्या आणि वेळ घड्याळ लावून पाळाव्यात. दोन विद्यार्थ्यांच्या निकालांतील फरक बहुधा येथेच असतो.

दुय्यम प्रतिपिंड बहुतेक वेळा शेळीत तयार केलेले असते, आणि शेळ्या पाळणाऱ्यांच्या रक्तात शेळीच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात. त्यासाठी बफरमध्ये शेळीचे सामान्य सीरम थोडे मिसळावे. आयजीएम मोजताना संधिवात घटक आडवा येतो: तो स्वतः आयजीएम असून प्रतिजनावर बसलेल्या आयजीजीला चिकटतो. आयजीएमची चाचणी करण्यापूर्वी आयजीजी शोषून काढणारा अभिकर्मक वापरावा, आणि चौथ्या गटात संधिवाताचे रुग्ण का घेतले याचे उत्तर हेच आहे.

अंशशोधन आणि आकड्यांचा अर्थ

निश्चित रुग्णांची काही सीरम एकत्र करून प्रयोगशाळेचे प्रमाण सीरम तयार करावे, त्याला १०० एकके मानावे आणि त्याच्या दुप्पट-दुप्पट विरलनांवरून प्रवाह आणि एकके यांचा चार-घटकी वक्र काढावा. शोधमर्यादा कोऱ्या बफरवरून काढू नये. किमान २० निगेटिव्ह सीरमची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने अशी काढावी. बफरवरून काढलेली मर्यादा छापायला छान दिसते आणि रुग्णालयात निरुपयोगी ठरते.

३० पैकी ३० रुग्ण बरोबर ओळखले म्हणून संवेदनशीलता (रोग्यांपैकी किती ओळखले) १०० टक्के असे लिहू नये. ९५ टक्के विश्वासमर्यादेची खालची कड तेव्हाही ८८ टक्क्यांवरच असते. दुसरा हिशेब गावाचा. समजा संवेदनशीलता आणि विशिष्टता (निरोग्यांपैकी किती निरोगी ठरले) दोन्ही ९५ टक्के आहेत आणि तपासलेल्या १००० जणांपैकी २० जणांना खरोखर लागण आहे. सेन्सर त्यातील १९ पकडेल, पण उरलेल्या ९८० निरोग्यांपैकी ४९ जणांनाही सकारात्मक ठरवेल. ६८ सकारात्मकांत खरे १९, म्हणजे चारात साधारण एक. म्हणून गावभर चाळणीसाठी आणि ताप असलेल्या पशुपालकासाठी सकारात्मक ठरवण्याचा एकच उंबरठा वापरू नये.

उन्हाळा सोसणारी पट्टी

तयार पट्टीवर ट्रेहॅलोज या साखरेचे द्रावण सुकवून ती सिलिका जेलसह फॉइलच्या पाकिटात बंद करावी. टिकाऊपणाची परीक्षा ४ आणि २५ अंशांवर थांबवू नये. मे महिन्यात बंद खोलीतील कपाट चाळिशी ओलांडते, म्हणून ४५ अंशांवरही आठवड्यागणिक पट्ट्या काढून प्रमाण सीरमवर तपासाव्यात. पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवर विभव ठेवून प्रवाह मोजणारे यंत्र) बॅटरीवर चालणारा घ्यावा.

वापरलेले टिप आणि पट्ट्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे द्याव्यात: प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सेन्सर प्रयोगशाळेबाहेर रुग्णांवर तपासायचा झाल्यास वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात आणि चाचणीसाठी उत्पादन करण्याचा परवाना आधी घ्यावा लागतो.

शेवटची परीक्षा आंधळी असावी. नमुन्यांवर सांकेतिक क्रमांक घालण्याचे काम प्रकल्पाबाहेरच्या व्यक्तीला द्यावे, उंबरठा आधीच लिहून पाकीट बंद करावे आणि सर्व आकडे नोंदल्यावरच क्रमांक उघडावेत. उंबरठ्याच्या १० टक्के वर-खाली आलेल्या नमुन्यांना सकारात्मक किंवा नकारात्मक न म्हणता ‘अनिश्चित’ लिहावे आणि त्या व्यक्तीचे दोन ते तीन आठवड्यांनी दुसरे सीरम घेऊन दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच खेपेत बनवलेल्या पट्ट्यांवर शेजारीशेजारी चालवावेत.